व्हीपीएन : कार्यालयांतर्गत वापरातील अडथळे

व्हीपीएन चालू असलेल्या संगणकाला त्याच कार्यालयातील प्रिंटर, सामायिक फोल्डर किंवा हिशेबाचा सर्व्हर न सापडणे, हा दोष व त्याचे निदान. बाहेरून काम करणाऱ्यांसाठी उभारलेले व्हीपीएन इमारतीत बसून वापरले की तो विशेष जाणवतो. बहुतेक वेळा सेवा सुरूच असते, दोष पॅकेटच्या वाटेत असतो. म्हणून यंत्रे बदलण्याआधी किंवा फायरवॉल बंद करण्याआधी राउटिंग टेबल पाहणे अत्यावश्यक ठरते.

मार्गनिवड : संगणक सर्वांत नेमका मार्ग निवडतो. ओपनव्हीपीएन या सॉफ्टवेअरमध्ये सगळी वाहतूक टनेलमधून (व्हीपीएनच्या कूटबद्ध वाटेतून) नेताना सहसा ०.०.०.०/१ व १२८.०.०.०/१ हे दोन मार्ग घातले जातात. संगणक १९२.१६८.१०.०/२४ या पत्त्यांच्या पट्ट्यात असेल, तर त्याच पट्ट्यातला प्रिंटर चालतो, कारण /२४ हा मार्ग /१ पेक्षा नेमका आहे. वरच्या मजल्यावरचा १९२.१६८.२०.५० या प्रिंटरकडची पॅकेटे मात्र टनेलमध्ये जातात. ‘एक प्रिंटर चालतो, दुसरा नाही’ या नेहमीच्या तक्रारीचा उलगडा पुष्कळदा येथेच होतो. दोन मार्ग सारखेच नेमके असतील, तर कमी मेट्रिकचा मार्ग जिंकतो. व्हीपीएन सर्व्हरचा स्वतःचा अंतर्गत पत्ता टनेलच्या मार्गात आला, तर कूटबद्ध पॅकेटेही टनेलमध्येच शिरतात आणि जोडणी लागताच तुटते.

पत्त्यांची टक्कर : आरएफसी १९१८ (फेब्रुवारी १९९६) ने खाजगी वापरासाठी १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ व १९२.१६८.०.०/१६ हे पट्टे राखले. शाखा व मुख्यालय दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ असल्यास पॅकेट भलत्याच यंत्राकडे जाते. कायमचा उपाय पट्टा बदलणे हाच.

परतीची वाट : ओपनव्हीपीएनच्या नमुना मांडणीत क्लायंटना १०.८.०.०/२४ मधील पत्ते मिळतात. कार्यालयाच्या राउटरला हा पट्टा ठाऊक नसेल, तर विनंती पोचते, उत्तर हरवते. राउटरवर परतीचा मार्ग नोंदवावा.

हेअरपिन : आतून सार्वजनिक पत्त्यावर व्हीपीएन जोडताना राउटरने पॅकेट पुन्हा आत वळवावे लागते. काही राउटर ते करत नाहीत. त्याच नावाला आत खाजगी पत्ता देणारा डीएनएस हा पर्याय.

निदानक्रम : व्हीपीएन बंद करून सेवा तपासावी. मग आयपी पत्त्याने पिंग करावे. पत्ता लागतो पण नाव लागत नाही, तर दोष डीएनएसचा. नंतर विंडोजवर ‘राउट प्रिंट’, लिनक्सवर ‘आयपी राउट गेट’. पिंग चालते पण मोठी फाइल अडकते, तेव्हा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) पाहावा. वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीत तो सहसा १४२० असतो.

स्प्लिट टनेलिंग : स्थानिक वाहतूक टनेलबाहेर ठेवल्याने बरेच अडथळे दूर होतात, मात्र सुरक्षेबाबत मतभेद आहेत. २०२३ मधील ‘टनेलक्रॅक’ संशोधनाने या सवलतीचा गैरवापर शक्य असल्याचे दाखवले.

नियमन : सर्ट-इन या भारत सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतील व्हीपीएन ग्राहकनोंदींची अट कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही.