२०७ आणि २०८ : 'इस्की'तले दोन र

लिपीचा इतिहास म्हटला की ब्राह्मी, शिलालेख, मोडी आणि निर्णयसागरचे खिळे यांपुढे आपली चर्चा सहसा जात नाही. संगणकाने देवनागरीच्या अक्षरांना दिलेले क्रमांक हा त्याच इतिहासाचा पुढचा टप्पा. साहित्याच्या अभ्यासकांनी तो तंत्रज्ञांवर सोपवून दिला आहे. आम्हाला मात्र तो व्याकरणाच्या तासाला शोभणारा विषय वाटतो.

'इस्की' ही भारतीय लिपींसाठीची प्रमाण संकेतावली १९८३पासून घडत गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिला अंतिम रूप दिले. आठ बिटांत मावणाऱ्या २५६ जागांपैकी पहिल्या १२८ रोमन लिपीकडे राहिल्या आणि उरलेल्यांत ब्राह्मीकुलातील लिपींचा एकच सामाईक तक्ता बसवला गेला. देवनागरी असो वा बंगाली, 'क'चा क्रमांक १७९च. या तक्त्यात 'र' दोन आहेत: २०७ वर नेहमीचा, २०८ वर दाक्षिणात्य भाषांतला कठोर 'ऱ'.

हा दुसरा 'र' मराठीच्या कामी आला तो वेगळ्याच कारणाने. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतला फरक मराठीच्या शिक्षकांना सांगायला नको. पहिल्यात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. रफार आधीच्या अक्षरावर आघात आणतो, तर पापणीसारखा आडवा 'र' आणत नाही. हिंदीला या भेदाची गरज पडत नाही. इस्कीने २०७ नंतर हलन्त आल्यास रफार आणि २०८ नंतर आल्यास आडवा 'र', अशी सोय केली. म्हणजे 'दर्या' आणि 'दऱ्या', समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा, यांत यंत्राच्या लेखी अंतर अवघे एका आकड्याचे!

पुढे युनिकोड आले. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्कीवरूनच घेतलेली; तरीही जुना मजकूर नव्यात नेण्यासाठी रूपांतर करणाऱ्या छोट्या 'लायब्ररी' लिहाव्या लागल्या. (प्रोग्रामरांच्या बोलीत लायब्ररी म्हणजे पुन्हापुन्हा वापरता येणारा आज्ञासंच, कपाटे आणि ग्रंथपाल येथे नाहीत.) आयबीएमने १९९९ मध्ये खुल्या केलेल्या 'आयसीयू' या मोठ्या संग्रहातही इस्कीसाठी असा एक छोटा भाग आहे. या क्रमांकासाठी तो क्रमांक, एवढ्याने त्याचे भागत नाही. हलन्त दिसला की पुढे काय येते हे पाहावे लागते: आणखी एक हलन्त आला तर पाय मोडलेले अक्षर उघड दाखवायचे; नुक्ता आला तर जोडाक्षर न करता अर्धे रूप ठेवायचे. अक्षराचा अर्थ शेजाऱ्यावरून ठरवणारी ही रीत भाषेच्या अभ्यासकाला अनोळखी वाटू नये. घाईने लिहिलेल्या एखाद्या रूपांतरकाने २०८लाही साधा 'र' मानले, तर आचारी निमूटपणे आचार्य होतो आणि संगणक कुठलीही चूक दाखवत नाही.

खरा गुंता युनिकोडने स्वतःच करून ठेवला आहे. १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीत आडव्या 'र'साठी साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा मार्ग होता. पुढे इस्कीशी जुळणारा 'ऱ' आणि हलन्त हा मार्गही मान्य झाला आणि सुसंगतीसाठी जुना तसाच ठेवला गेला. दोन्ही पडद्यावर अगदी सारखे दिसतात. युनिकोडचे स्वतःचे एकरूपीकरणाचे नियमही त्यांना एक मानत नाहीत.

याची झळ थेट आपल्या अभ्यासाला लागते. 'कादंबऱ्या', 'शेतकऱ्यांचा', 'पायऱ्या', 'तऱ्हा' हे काही दुर्मीळ शब्द नव्हेत. एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावरील मजकुरात 'कादंबऱ्या' हा शब्द किती वेळा आला हे मोजायचे ठरवले, तर एका पद्धतीने टंकलेले शब्द हाती लागतील आणि दुसऱ्या पद्धतीने टंकलेले, शोधयंत्र अक्षरशः तुलना करणारे असेल तर, वगळले जातील. मोजणीपूर्वी दोन्ही रूपे एक करून घेणाऱ्या दोन ओळी पुरतात. मात्र त्या लिहायला मराठीत हा 'र' आहे हे आधी ठाऊक असावे लागते.