मामांची छत्री

आमच्या बोदवडच्या मामांनी आयुष्यात एकच निवडणूक लढवली, तीही ग्रामपंचायतीची. गावात नगरपंचायत यायला तेव्हा बराच अवकाश होता. मामांना चिन्ह मिळालं छत्री. पाण्यासाठी हंडे घेऊन हिंडणाऱ्या गावात छत्री! "निदान ह्या निमित्तानं तरी पाऊस येईन," मामी म्हणाली.

तुम्ही विचाराल, मामांचा पक्ष कोणता? गंमत तिथंच आहे. ग्रामपंचायतीच्या मतपत्रिकेवर पक्षाला जागाच नसते. तो कारभार १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाचा. अंमल १ जून १९५९ पासून. त्याच वर्षी जयप्रकाश नारायण पक्षविरहित लोकशाहीची मांडणी करत होते. थोरामोठ्यांना ते स्वप्न वाटलं. आमच्याकडे मात्र ते कपबशी, शिट्टी आणि छत्री ह्या चिन्हांवर नांदत होतं. विधानसभेला हात आणि कमळ, ग्रामपंचायतीला मात्र एखाद्या नवरीचं रुखवत!

पण पक्ष नाही म्हणजे राजकारण नाही, असं समजणारा माणूस एक तर संत असावा, नाहीतर पुण्याचा. पक्षाऐवजी पॅनेल होतं, पॅनेलमागे भाऊबंदकी होती आणि भाऊबंदकीमागे कुणाच्या तरी लग्नात राहून गेलेला मानपान होता.

पक्षवाल्यांचा जाहीरनामा छापून येतो. मामांची मात्र दारोदार तोंडी परीक्षा!

"मामा, नळाले पानी कधी येईन?"

"पाहतो ना."

"ते पाहा सावकाश. आधी आमची नेलेली शिडी वापस करा!"

तरी निघताना प्रत्येक जण म्हणे, "मत तुमालेच!" मोजणीत मामा अकरा मतांनी पडले. मामी घरातली मतं बोटांवर मोजायला बसली आणि मध्येच, काय वाटलं कोण जाणे, उठून चहा टाकायला गेली.

पक्ष असता तर 'विरोधी लाट होती' असं म्हणता आलं असतं. मामांना तीही सोय नव्हती. पडले ते मामाच. पण निवडून आलेल्या गृहस्थांचीही तीच पंचाईत. राहायला चार घरं पलीकडे. नळ कोरडा राहिला की मामी पदर खोचून थेट त्यांच्या ओट्यावर! वरच्यांकडे बोट दाखवायचं, तर वर फक्त त्यांचं कौलारू छप्पर.

पुढं नगरपंचायत आली. तिथं पक्षांची चिन्हं चालतात. १९ जानेवारी २०२२ ला निकाल लागला: १७ पैकी शिवसेना ९, राष्ट्रवादी ७, भाजप १. कोणत्या नेत्याला धक्का बसला, हे टीव्हीनं साऱ्या महाराष्ट्राला सांगितलं. आमच्या गल्लीतून कोण आलं, हे मात्र मला मामीला फोन करून विचारावं लागलं.

ती म्हणाली, "पक्ष कोनता का असेना, बाबा. मले त्याचा ओटा ठाऊक आहे."

मामांची छत्री अजून खुंटीला आहे. उसनी आणलेली शिडीही.