ब्रनोची काचेची भिंत

मोराव्हियातील ब्रनो या नगरातून १४५४ साली राजाज्ञेने ज्यूंची हकालपट्टी झाली, आणि १८४८ च्या क्रांतीनंतर निर्बंध उठेपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार शतके, तेथे मुक्तपणे वास्तव्य करण्याची मुभा त्यांस नव्हती. मुभा मिळताच ज्यांनी लोकरीच्या गिरण्या उभारून गावाच्या वैभवात मोठी भर घातली, त्यांच्या नातवंडांनी पहिल्या महायुद्धानंतर घरे बांधावयास काढली, ती अलंकारविहीन, सपाट छपरांची. या पसंतीला निव्वळ फॅशन म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ज्यांचा गतकाळ त्या शहराने कधी जमेस धरला नाही, त्यांना वर्तमानाची वास्तुशैली अधिक जवळची वाटली असावी.

आल्फ्रेड ल्योव-बेअर या गिरणीमालकाने आपल्या बागेचा वरचा उतार कन्या ग्रेटे हिला विवाहात आंदण दिला, आणि तिने व पती फ्रिट्झ टुगेनहाट यांनी जर्मन वास्तुशिल्पी मीस व्हान डेर रोहे याला पाचारण केले. बांधकामाचा मक्ता आयस्लर बंधूंच्या पेढीकडे होता. डिसेंबर १९३० मध्ये कुटुंब राहावयास आले. क्रोमचा मुलामा दिलेले क्रूसाकार पोलादी खांब, मोरोक्कोहून आणलेल्या ऑनिक्स दगडाची भिंत, जेवणाच्या जागेला अर्धवर्तुळाने वेढणारा मकासर एबनी या लाकडाचा पडदा. आणि कळ दाबताच जिची दोन प्रचंड तावदाने विजेच्या बळावर तळघरात उतरतात, अशी काचेची भिंत! अशा घरात माणसाने राहावे तरी कसे, असा वाद १९३१ साली एका जर्मन मासिकात रंगला, तेव्हा आम्हांस येथे मोकळे वाटते, असे मालकिणीनेच निक्षून कळविले.

त्याच आयस्लर घराण्यातील वास्तुशिल्पी ओटो याने १९३६ साली पुरे केलेले सिनेगॉगही तितकेच निराभरण आहे, आणि त्यात आजही प्रार्थना होते. जुने मोठे सिनेगॉग मात्र मार्च १९३९ मध्ये, जर्मन फौजा शिरताच, जाळण्यात आले.

टुगेनहाट मंडळी मे १९३८ मध्येच स्वित्झर्लंडला, व पुढे व्हेनेझुएलाला गेली. आल्फ्रेड १९३९ साली पळून जाताना मरण पावला. ओटो आउश्वित्झमधून जिवंत परतला. टुगेनहाटांचे घर गेस्टापोने जप्त केले. एबनीचा पडदा नाहीसा झाला तो २०११ पर्यंत, जेव्हा त्याच्या फळ्या विद्यापीठाच्या एका भोजनगृहाच्या भिंतींना लावलेल्या आढळल्या. युद्धकाळात त्या इमारतीत गेस्टापोचे दप्तर होते.