‘चालतंय’ म्हणजे बरोबर चालतंय का?

कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की कोणता प्रोग्राम किती मेमरी खातोय, याची यादी आपण उघडतो. त्या यादीलाही इतिहास आहे बरं का!

१९८४ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या विल्यम लेफेव्हर यांनी युनिक्ससाठी ‘टॉप’ लिहिला. व्हीएमएस प्रणालीत अशी सोय होती, त्यावरून त्यांना हे सुचलं. पण युनिक्स काही एकच नव्हतं. सन, एचपी, आयबीएम... ज्याचं त्याचं निराळं, आणि मेमरीचे आकडेही प्रत्येकाने वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेले! म्हणून पुढे टॉपचे दोन भाग झाले. एक सगळ्यांसाठी सामाईक, आणि दुसरी त्या त्या मशिनपुरती छोटी फाइल. इतकी मशिनं एका माणसाकडे कुठून असणार? ज्यांच्याकडे ती होती, त्यांनी त्या फाइली लिहिल्या. त्यांची नावं फाइलींच्या सुरुवातीलाच आहेत.

‘एचटॉप’चंही तसंच. ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी तो २००४ मध्ये लिनक्ससाठी लिहिला. मॅक, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीवर तो थेट चालायला लागला २०१६ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीपासून.

आता खरी मेख. असा प्रोग्राम बंद पडला तर लगेच कळतं. चुकीचा आकडा मात्र दिमाखात दाखवत बसतो! फ्रीबीएसडीत मेमरीचे ‘अ‍ॅक्टिव्ह’, ‘इनॅक्टिव्ह’, ‘वायर्ड’ असे वाटे असतात. यातली ‘वापरलेली’ कोणती धरायची? लिनक्स रिकामी मेमरी फाइली हाताशी ठेवायला वापरतं, त्यामुळे मेमरी संपली असं वाटून लोक घाबरायचे. खरोखर किती मिळू शकेल याचा अंदाज लिनक्स स्वतः सांगायला लागलं, ते २०१४ च्या ३.१४ कर्नेलपासून. चुकीच्या आकड्यावर विसंबून माणूस उगाच खर्च करतो, किंवा चांगला चालणारा प्रोग्राम मारून टाकतो.

आमच्या कळमेश्वरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कपाशीचं नवं वाण भारी काळ्या जमिनीत छान आलं, म्हणून बरडावर तसंच येईल असं नाही. चार वावरांत चार ओळी लावून बघाव्या लागतात.

नव्या प्रणालीवर नेलेल्या प्रोग्रामचंही तेच. तपासायला प्रोग्रामिंग यायला हवं असं नाही. मशिन कोणतं, आवृत्ती कोणती, नवा प्रोग्राम काय आकडा दाखवतो आणि प्रणालीचा स्वतःचा काय, एवढं शेजारी शेजारी लिहून कळवलं तरी पुष्कळ. आणि शाळेतला जुना, कमी मेमरीचा डबा असेल तर फारच छान! फक्त नवी महागडी मशिनंवालेच तपासत राहिले, तर प्रोग्राम त्यांच्यापुरताच खरा बोलेल.

फाइल लिहिणाऱ्याचं नाव राहतं. ‘माझ्याकडे आकडा जुळत नाही’ असं कळवणाऱ्याचं बहुधा राहत नाही. पण त्या यादीवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो ना, तो त्याच्याच जिवावर. असो.