डेस्कटॉपशिवाय थेट ब्राउझर! लिनक्सच्या काळ्या पडद्यावरून ॲप कसे चालते?

लिनक्स संगणक डेस्कटॉपविना सुरू केला, की काळ्या पडद्यावर फक्त युजरचे नाव आणि पासवर्ड विचारला जातो. याला टेक्स्ट कन्सोल म्हणतात. इथे आयकॉन नसतात, मेनू नसतो. आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचे, एवढेच. पण याच पडद्यावरून ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर थेट सुरू करता येतो. त्यासाठी संपूर्ण डेस्कटॉप लागत नाही.

याचा उपयोग काय?

समजा, बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यात, सिरसाळ्याच्या एखाद्या वाचनालयात २ जीबी रॅमचा जुना संगणक पडून आहे. त्यावर विंडोज ७ आहे. सर्वसामान्य ग्राहकांसाठी त्याचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच बंद झाले. लोकांना मात्र निकाल पाहायचा असतो, सातबारा बघायचा असतो, अर्ज भरायचा असतो. ही सगळी कामे ब्राउझरमध्येच होतात. जीनोम किंवा केडीईसारखा पूर्ण डेस्कटॉप काही शे एमबी रॅम स्वतःच वापरतो. तो वगळला, तर ती रॅम ब्राउझरच्या कामी येते.

मग कन्सोलवरच का वाचू नये?

अडचण आपल्या लिपीची आहे. लिनक्सच्या कन्सोल फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हे मावतात आणि प्रत्येक चिन्ह ठरावीक मापाच्या चौकटीत बसते. इंग्रजीचे त्यावर भागते. मराठीत मात्र जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या यांची जुळणी करावी लागते आणि ती कन्सोल करत नाही. त्यामुळे मराठीसाठी ग्राफिकल ॲपच हवे.

आत नेमके काय घडते?

कन्सोलवर नुसते फायरफॉक्सचे नाव टाइप केले, तर डिस्प्ले सापडत नसल्याचा संदेश येतो. कारण ॲप स्वतः पडद्यावर चित्र काढत नाही. ते डिस्प्ले सर्व्हरकडे खिडकी मागते. लिनक्सवर अशा दोन व्यवस्था प्रचलित आहेत. एक्स ही जुनी, १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेली. वेलँड ही नवी, २००८ पासूनची. डेस्कटॉप हा या व्यवस्थेवर चढवलेला वेगळा थर आहे. तो काढला, तरी ॲप चालते.

तीन मार्ग

(आज्ञांची नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती लहान रोमन अक्षरांत लिहावीत.)

१. स्टार्टएक्स : ही आज्ञा एक्स सर्व्हर सुरू करते. तिच्यापुढे ॲपचा पूर्ण पत्ता, म्हणजे तिरप्या रेघेने सुरू होणारा मार्ग, लिहावा लागतो. नुसते नाव चालत नाही. पत्ता माहीत नसेल, तर ‘व्हिच’ ही आज्ञा तो सांगते. ॲप बंद केले, की सर्व्हरही बंद होतो आणि तुम्ही कन्सोलवर परत येता.

२. केज : वेलँडवर चालणारा हा छोटा प्रोग्राम एकच ॲप पूर्ण पडद्यावर दाखवतो. माहिती केंद्रातल्या किंवा दुकानातल्या पडद्यांसाठी तो सोयीचा आहे.

३. सर्व्हरशिवाय : एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर कर्नलच्या डीआरएम सुविधेतून थेट पडद्यावर व्हिडिओ दाखवू शकतो. फोटोंसाठी एफबीआय हा प्रोग्राम आहे. ब्राउझरसाठी मात्र पहिले दोन मार्गच बरे.

हे लक्षात ठेवा

• मराठी फाँट आधी बसवा. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने मूळ तयार केलेला आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केलेला लोहित देवनागरी बहुतेक लिनक्समध्ये मोफत मिळतो.

• स्टार्टएक्सने उघडलेल्या खिडकीला वरची पट्टी नसते आणि ती नेहमी पूर्ण पडदा व्यापत नाही. ओपनबॉक्ससारखा हलका विंडो मॅनेजर जोडला, किंवा फायरफॉक्स किऑस्क पर्यायासह उघडला, की हा प्रश्न सुटतो.

• रूट युजर म्हणून ब्राउझर चालवू नका. सार्वजनिक संगणकावर प्रशासकाचे अधिकार नसलेला वेगळा युजर ठेवा. नाहीतर ब्राउझर बंद होताच पुढच्या माणसाच्या हाती लॉगिन झालेला कन्सोल पडतो. स्टार्टएक्सच्या आधी ‘एक्झेक’ लिहिले, तर ब्राउझर बंद होताच लॉगआउटही होते.

• ॲप अडकले, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून दुसऱ्या कन्सोलवर जा आणि तिथून ते बंद करा. केजमध्ये ही सोय हवी असेल, तर सुरू करतानाच ‘एस’ हा पर्याय द्यावा लागतो.

या युक्तीने जुना प्रोसेसर वेगवान होत नाही आणि जड संकेतस्थळे हलकी होत नाहीत. एका वेळी दोन-तीनच टॅब उघडे ठेवावे लागतील. पण रोज एकाच ॲपचे काम असेल, तर भंगारात निघालेला संगणक आणखी काही वर्षे उपयोगी पडू शकतो.