एका कारकुनाची फुले

इतिहास लिहिला जातो तो राजांचा आणि लढायांचा. कारकुनाच्या वाट्याला त्यात बहुधा नकलनविसाचीच जागा येते. परंतु लंडनच्या शिक्षण खात्यातील एका कारकुनाने फावल्या वेळात जे केले, त्याची नोंद चलच्चित्रांच्या इतिहासाला घ्यावी लागली. त्याचे नाव फ्रँक पर्सी स्मिथ.

१८८० साली जन्मलेला स्मिथ लहान वयातच नोकरीला लागला. दिवसा खात्याची टिपणे आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शक, असा त्याचा क्रम असे. त्याने काढलेले माशीच्या जिभेचे एक छायाचित्र चार्ल्स अर्बन या चित्रपटनिर्मात्याच्या पाहण्यात आले आणि अर्बनने त्याच्या हाती चलच्चित्रणाचा कॅमेरा दिला. १९१० साली ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ म्हणजे ‘फुलाचा जन्म’ हा त्याचा लघुपट प्रसिद्ध झाला. इंग्लंडात थंडी सरण्यापूर्वीच जमिनीतून डोके वर काढणारी स्नोड्रॉप आणि क्रोकसची वीतभर उंचीची फुले पडदाभर मोठी होऊन प्रेक्षकांसमोर उमलली.

फूल उमलताना आपल्याला दिसत नाही, कारण तितका वेळ आपण थांबत नाही. कॅमेरा थांबतो. दर पंधरा मिनिटांनी एक चित्र घेतले, तर अहोरात्रात ९६ चित्रे होतात. सेकंदाला १६ या त्या काळच्या गतीने ती पडद्यावर ६ सेकंदांत सरतात. ही युक्ती स्मिथने प्रथम शोधली असे नव्हे. लाइप्झिगचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १९०० च्या सुमारास वनस्पतींच्या हालचाली अशाच टिपल्या होत्या. मात्र त्या विद्यार्थ्यांसाठी होत्या. स्मिथने तोच चमत्कार तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसाला दाखविला.

त्यासाठी त्याने मोजलेली किंमत लहान नव्हती. भिंग फुलाच्या अगदी जवळ नेले की पुढची पाकळी रेखीव येते आणि मागची धूसर होते. वाऱ्याची एक झुळूक सारे श्रम वाया घालविते. म्हणून त्याने राहत्या घरालाच प्रयोगशाळा केले, आणि यंत्राला रात्री गरज भासली तर आपल्याला जाग यावी म्हणून घरात घंटा बसविल्या. अखेर त्याने सरकारी नोकरी सोडली. १९४५ साली त्याचा अंत झाला, तोवर हे काम सुटले नाही.

याच सुमारास आपल्याकडेही एका कुंडीसमोर कॅमेरा उभा होता. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून आलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, आणि त्यांनी वाटाण्याच्या रोपट्याची वाढ टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. तो पाहूनच काहींनी त्यांना भांडवल दिले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपल्या चित्रपटसृष्टीच्या मुळाशी अशी एक वाटाण्याची बी आहे.

दोघांनीही सरकारी नोकरी सोडली, हे लिहिताना माझी लेखणी किंचित अडखळते. मी ती सोडलेली नाही, सोडणारही नाही. फेब्रुवारीत दिल्लीच्या आमच्या वसाहतीतील हिरवळीवर कृष्णनीलाची फुले येतात. पाच पाकळ्यांची, करंगळीच्या नखाएवढी. ती ऊन चढल्यावर उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. मी कचेरीला निघतो तेव्हा ती मिटलेली असतात, परततो तेव्हाही मिटलेलीच. कित्येक वर्षे मी त्यांना कळ्याच समजत होतो. स्मिथचा लघुपट पाहिल्यानंतरच्या रविवारी मी सकाळी हिरवळीवर जाऊन बसलो. दहाच्या सुमारास पहिले फूल उघडले. माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. पण त्या दिवशी मी थांबलो होतो.