पायी पोहोचेल तोच शेजार : उल्हास खोऱ्यातील वसाहतींचा इतिहास

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेच्या वास्तूचा, दात्यांचा आणि कार्यकर्त्यांचा इतिहास लिहिला जातो, आणि तो लिहिला जाणे उचितच आहे. परंतु कोणतीही संस्था उभी राहण्यापूर्वी तिच्या परिसरात काही कुटुंबे येऊन राहिलेली असतात. हाती सामान, कडेवर लहान मूल आणि समोर अनोळखी शहर, अशा अवस्थेत प्रत्येक कुटुंबाला एकच प्रश्न पडलेला असतो : बिऱ्हाड कोठे करावे? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांनी या प्रश्नाला तीन वेगवेगळ्या काळांत तीन वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पाणी आणि लोहमार्ग

जुन्या काळी वस्तीचे ठिकाण पाणी ठरवीत असे. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. नदी, तिच्या काठची शेती आणि कल्याण बंदराकडे जाणारी वाट यांच्या आधाराने या खोऱ्यातील लहान लहान गावे शतकानुशतके नांदली.

पुढे वस्तीचे ठिकाण लोहमार्ग ठरवू लागला. १ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणपर्यंत आली आणि १२ मे १८५६ रोजी ती कल्याणहून बदलापूर, नेरळमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचली. त्यानंतर ‘गाव स्टेशनपासून किती दूर?’ हा प्रश्न ‘नदीपासून किती दूर?’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा झाला. तरीही पुढील सुमारे सत्तर वर्षे या गावांचे रूप फारसे बदलले नाही. रेल्वेने वाट करून दिली होती. माणसे यायची होती.

ज्यांना निवडच नव्हती

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभारण्यात आली. युद्ध संपले आणि दोन हजारांहून अधिक बॅरॅका रिकाम्या झाल्या. १९४७ च्या फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मध्ये कराचीत उसळलेल्या दंगलीनंतर, सिंधमधील कुटुंबे जहाजांनी आणि रेल्वेने मुंबई इलाख्यात येऊ लागली. त्यांपैकी एक लाखाच्या जवळपास माणसांची सोय कल्याण कॅम्पात करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले.

या कुटुंबांनी आपला शेजार निवडला नव्हता. हैदराबाद सिंधचा वकील, शिकारपूरचा सराफ आणि खेड्यातला शेतकरी एकाच बॅरॅकीत आले. मधली भिंत म्हणून गोणपाट किंवा चादर टांगलेली असे. पाणी सामायिक नळाचे. अनोळखी हवा, अनोळखी भाषा आणि पदरात लहान मुले. अशा स्थितीत त्यांनी प्रथम काय केले, हे आपण ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यांनी व्यापार उभा केला, हे सर्वश्रुत आहे; पण त्याबरोबरच शाळा, मंदिरे, दरबार आणि दवाखानेही उभे केले. सिंधमधून आलेल्या शिक्षकांनी आणि कायदेपंडितांनी १९४९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाने १९६५ मध्ये उल्हासनगरात चांदीबाई महाविद्यालय सुरू केले. १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनविषयक कायद्यामुळे अनेकांना राहत्या जागेची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र कागदावर मालकी येण्यापूर्वीच आपलेपणा आला होता. आजही उल्हासनगरात पत्ता सांगताना कॅम्पाचा आणि बॅरॅकीचा क्रमांक सांगितला जातो. छावणीतला क्रमांक घराचे नाव झाला, यातच या नगराचा सारा इतिहास आला.

कारखान्याची खोली आणि लोकलचे गणित

अंबरनाथची कथा निराळी आहे. तेथे माणसांना कारखान्याने आणले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने येथे आम्ल आणि खते बनविण्याचा उद्योग उभारला. १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलाचा विमको हा काडेपेटीचा कारखाना आला. पुढे दारूगोळा कारखाना आला आणि स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचा यंत्र-अवजारांचा कारखानाही उभा राहिला. नोकरीबरोबर क्वार्टर मिळे, किंवा भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर भाड्याची खोली घेतली जाई. शेजार ठरे तो पाळीच्या वेळेवरून. कोकणातला फिटर, घाटावरचा हेल्पर, दक्षिणेकडचा कारकून अशी मंडळी एका आळीत राहू लागली. त्यांना धान्य, कापड, भांडी आणि प्रसंगी उसनवार देणारा दुकानदार हवा होता. अशा दुकानदारांत राजस्थान, गुजरात आणि कच्छमधून आलेली जैन कुटुंबेही होती. पेढीवरच्या माळ्यावर बिऱ्हाड करायचे आणि धंदा स्थिरावला की गावाकडून पत्नीला व मुलांना आणायचे, असा त्या काळच्या दुकानदारीचा सर्वसाधारण क्रम असे. विमकोसारखा कारखाना पुढे बंद पडला, पण त्याच्या आधाराने वसलेली वस्ती मात्र टिकली.

बदलापूरला लोक आले ते घराच्या किमतीकडे पाहून. १९८२ चा गिरणी संप, मुंबईतील जागेचे वाढते भाव आणि एका खोलीत न मावणारे कुटुंब या कारणांनी मध्यमवर्ग रेल्वेमार्गाने पुढे पुढे सरकत गेला. दादर-परळ सुटले, मग डोंबिवली, मग कल्याण आणि त्यानंतर बदलापूर. २००१ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर आहे. जलद लोकलने दीड तास, त्यात दोन्हीकडील स्टेशनपर्यंतची वाट मिळविली की दिवसाचे चार तास प्रवासात जातात. स्वस्त घराची उरलेली किंमत मनुष्य अशा रीतीने रोज फेडीत असतो.

नदीचा आणि इमारतीचा धडा

जुन्या माणसांचे पाण्याचे ज्ञान आपण विसरलो, हे २६ जुलै २००५ च्या महापुराने दाखवून दिले. उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याण परिसरातील सखल वस्त्यांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि एक हजारांवर प्रवाशांची सुटका करावी लागली. ज्या मातीवर घर उभे आहे ती उंचावरची की पूररेषेतली, हे विचारणे म्हणजे अपशकुन नव्हे. तो शहाणपणा आहे.

उल्हासनगरचा धडा इमारतींचा आहे. सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या या नगरात २०११ मध्ये ५ लाख ६ हजार लोक राहत होते. जागेच्या टंचाईतून अनधिकृत बांधकामे वाढली. ती नियमित करण्यासाठी राज्य शासनाला २००६ मध्ये उल्हासनगरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. तथापि, कागद नियमित झाला म्हणून स्लॅब मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली. म्हणून जुने घर घेताना संरचनात्मक तपासणीचा अहवाल, नव्यासाठी भोगवटा प्रमाणपत्र आणि २०१७ पासून लागू झालेल्या महारेराची नोंदणी या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. अहिंसेचा विचार करणाऱ्या समाजाने स्वतःच्या मुलाबाळांच्या सुरक्षिततेविषयी उदासीन राहणे शोभत नाही.

जैन कुटुंबाचे अंतर

पाणी, नोकरी आणि किंमत ही तीन मापे सर्वांचीच. जैन कुटुंब त्यांत आणखी एक माप मिळविते : देरासर, मंदिर किंवा स्थानक पायी किती मिनिटांवर आहे? या मापामागे केवळ सवय नाही, धर्माचरणाचे व्यावहारिक गणित आहे. साधु-साध्वी वाहनाचा उपयोग करीत नाहीत. गोचरीसाठी ते अनेक घरांतून थोडे थोडे घेतात, म्हणजे एकाच घरावर भार पडत नाही. फुलाला न दुखविता मध घेणाऱ्या भ्रमराची उपमा याच आचाराला दिलेली आहे. दिगंबर परंपरेत मुनींच्या आहारासाठी श्रावकांच्या घरी चौका लागतो. म्हणजेच पायी फिरण्याच्या टप्प्यात पुरेशी श्रावकांची घरे नसतील, तर भव्य उपाश्रय असूनही चातुर्मास घडविणे कठीण होते. मुलांची पाठशाळा आणि वृद्धांचे नित्यदर्शन यांनाही हेच अंतर लागू पडते. आठ वर्षांचे मूल रिक्षाने पाठशाळेला रोज जात नाही. पायी मात्र जाते.

लोकलचे गणित आणि सूर्यास्ताचे गणितही परस्परांस छेदते. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मुंबईत नोकरी करणारा बदलापूरचा श्रावक त्या वेळी कार्यालयातून नुकताच निघालेला असतो. चौविहार पाळायचा तर सायंकाळचा डबाही सकाळीच सोबत न्यावा लागतो आणि घरात मुले वडिलांविना जेवतात. घर निवडताना पती-पत्नींनी खोल्यांची संख्या मोजावी, तशी ही संध्याकाळही मोजावी.

दार उघडे असावे

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो. धर्मस्थानाजवळ राहणे आणि केवळ स्वधर्मीयांतच राहणे या दोन गोष्टी एक आहेत काय? अहमदाबादच्या जुन्या पोळी एका दाराने बंद होत. देरासर आत, पाण्याचे टाके आत, नातलग आत. त्या काळी संरक्षणासाठी ते आवश्यक होते. विशिष्ट समाजापुरते सभासदत्व ठेवणारा सहकारी गृहसंस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्याच एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात वैध ठरविला आहे. परंतु कायद्याने जे चालते ते सर्व समाजहिताचे असतेच असे नाही. आपल्या पूर्वजांची दुकाने या खोऱ्यात चालली ती सिंधी, मराठी, दाक्षिणात्य अशा सर्व शेजाऱ्यांच्या विश्वासावर. देरासराजवळ घर असावे, पण घराचे दार आळीकडे उघडावे, हा या भूमीचा अनुभव आहे.

पुढील पन्नास वर्षे

आज नवी पिढी जुन्या वस्तीतून बाहेर पडून नव्या गृहसंकुलांत जात आहे. तिला अडविणे शक्य नाही आणि योग्यही नाही. तिचे आईवडील असेच कोठून तरी येथे आले होते. मात्र घरे विखुरली तर संघ विखुरतो. म्हणून ‘नवागत कुटुंब साहाय्य’ अशी एखादी लहानशी व्यवस्था न्यासाने उभारावी, असे सुचवावेसे वाटते. कोणत्या भागात पाणी नियमित येते, कोठे पुराचे पाणी चढते, कोणती शाळा चांगली, रात्री कोणते डॉक्टर भेटतात, पाठशाळेला मूल कोठून पायी येऊ शकते, याची माहिती जुन्या रहिवाशांकडे असते. ती एका वहीत नोंदवून नव्या कुटुंबाच्या हाती द्यावी. जेथे पंधरा-वीस घरे जमली आहेत तेथे आठवड्यातून दोन दिवस पाठशाळेचा वर्ग न्यावा. आणि परगावाहून आलेल्या कुटुंबाच्या दारी पहिल्या आठवड्यात एखाद्या भगिनीने जाऊन ‘काही लागले तर सांगा’ एवढे म्हणावे.

बॅरॅकीतल्या माणसांनी चादरीच्या आडून एकमेकांस हेच विचारले आणि त्यातून एक नगर उभे राहिले. आपल्याजवळ तर पन्नास वर्षांची संस्था आहे. तिच्या छायेत येणाऱ्या प्रत्येक नव्या कुटुंबास हे गाव परके वाटू नये, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.

जय जिनेंद्र!